भांड्याची डावी बाजू

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

कुत्र्याच्या मेंदूतल्या गाठीविषयी इतकी पत्रं साठली आहेत की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं लांब होती, मुद्द्याचा भाग तेवढा घेतला आहे. कुत्र्यांची नावं तशीच ठेवली आहेत, माणसांची काढली आहेत.

प्रश्न: डॉक्टर, आमचा बादल गोल्डन रिट्रीव्हर आहे, वय आठ. तीन आठवड्यांत त्याला दोनदा फिट आली, दोन्ही वेळा पहाटे, झोपेत. मिनिटभर पाय ताठ, तोंडाला फेस, जागेवरच लघवी. पंधरा मिनिटांनी उठला आणि काही घडलंच नाही असा वागायला लागला. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात एमआरआय करा, गाठ असू शकते. दुसरे म्हणतात, साधी एपिलेप्सी आहे, गोळ्या सुरू करा. एवढा धडधाकट कुत्रा, त्याच्या डोक्यात गाठ कशी असेल?

उत्तर: असू शकते, आणि धडधाकट असूनही असू शकते. मेंदूचा अगदी पुढचा भाग, नाकाच्या मागे जिथे वासाचं काम चालतं, तो या बाबतीत फार गप्प राहतो. तिथे गाठ वाढली तर चाल बिघडत नाही, नजर जात नाही, पंजे नीट पडतात. तपासणीच्या टेबलावर कुत्रा शेपटी हलवत उभा राहतो. ती गाठ फक्त फिटमधून कळते, आणि कित्येकदा बरेच दिवस दुसरं एकही लक्षण नसतं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांत फिट हेच घरच्यांच्या नजरेत भरणारं पहिलं लक्षण असतं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे बादलचं वय. उपजत कल असलेली एपिलेप्सी बहुतेक वेळा ६ महिने ते ६ वर्षं या वयात पहिल्यांदा दिसते. २०१५ साली पशुवैद्यकीय अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने हीच वयोमर्यादा निकष म्हणून मांडली. दोन वर्षांच्या कुत्र्याला फिट आली, तपासणी आणि रक्त दोन्ही स्वच्छ निघालं, तर मी एमआरआयची घाई करत नाही. आठव्या वर्षी आयुष्यातली पहिली फिट आली तर करते. त्यातही काही कुत्र्यांच्या मेंदूत काहीच सापडत नाही, आणि ते ऐकताना घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण न बघता तसं गृहीत धरायचं नाही.

जातीचाही थोडा संबंध आहे. गोल्डन, कोली, जर्मन शेफर्ड अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांत मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, जास्त दिसते. बॉक्सर, बॉस्टन टेरिअर, फ्रेंच बुलडॉग या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत मेंदूच्याच पेशींतून उगवणारा ग्लायोमा जास्त. मिश्र जातीचं कुत्रं यातून सुटतं असं मात्र नाही.

आता तुमच्या ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांकडे येते. कुठले रिपोर्ट? उपाशीपोटी साखर बघितली का? स्वादुपिंडात इन्सुलिन पाझरणारी गाठ असेल तर साखर एकदम खाली जाते आणि फिट येते. ती फिट डोक्यातल्या गाठीच्या फिटसारखीच दिसते. नमुना नळीत तासन् तास तसाच पडून राहिला तर रक्तपेशीच साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो, तेव्हा हेही विचारा. यकृतासाठी खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पित्ताम्लं तपासतात. ती झाली का? रक्तदाब मोजला का? या गोष्टी आटपल्या की छातीचे एक्स-रे, डावी-उजवी बाजू आणि समोरून असे तीन, आणि पोटाची सोनोग्राफी. मेंदूत सापडणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच दुसरीकडून आलेल्या असतात: प्लीहेतून, स्तनांतून, नाकातून. बादलच्या एकाच नाकपुडीतून कधी रक्त आलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाकातली गाठ मागचं पातळ हाड पोखरून मेंदूत शिरते.

दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्यांना माझा विरोध नाही. तीन आठवड्यांत दोन फिट म्हणजे औषध सुरू करायला पुरेसं कारण आहे, आणि फेनोबार्बिटोन या फिटच्या औषधामुळे एमआरआयचं चित्र बिघडत नाही. गोळ्या घ्या आणि शोधही चालू ठेवा. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचं ऐकून दुसऱ्याचं सोडू नका.

पुढची फिट आली तर मोबाइलवर चित्रीकरण करा आणि पहिले पाच सेकंद चुकवू नका. आधी ओठाची कुठली बाजू उडते, कुठला पाय आधी ताठ होतो, डोकं कुठे वळतं? फिटची सुरुवात शरीराच्या डाव्या बाजूने होत असेल तर मेंदूचा उजवा भाग संशयात येतो. दातखीळ सोडवायला तोंडात हात घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही. फिट पाच मिनिटांहून लांबली किंवा चोवीस तासांत पुन्हा आली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न: डॉक्टर मावशी, मी नववीत आहे. आमचा शेरू अकरा वर्षांचा आहे. महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून उभाच राहतो. फिरायला गेल्यावर डावीकडेच वळतो आणि दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटतो. आजी म्हणते म्हातारा झालाय, माणसांचंही असंच होतं. मला तसं वाटत नाही. मी काय करू?

उत्तर: बाळा, तू जे पाहिलं आहेस ना, ‘डावीकडेच’ आणि ‘उजवा खांदा’, ते बघायला डॉक्टरांनाही वेळ लागतो. आधी आजींना माझा नमस्कार सांग. त्या म्हणतात ते खोटं नाही. म्हातारपणी कुत्र्यांनाही विसरल्यासारखं होतं. ती रात्रभर फेऱ्या मारतात, कोपऱ्यात अडकतात, घरातल्या माणसाला ओळखायला वेळ लावतात. पण म्हातारपण दोन्ही बाजूंनी सारखं येतं. ते एकट्या उजव्या खांद्याला धरत नाही.

मेंदूच्या वरच्या भागाची कामं उलटसुलट वाटलेली असतात. उजवीकडचं जग डावा मेंदू बघतो, डावीकडचं उजवा. डाव्या भागात बिघाड झाला की कुत्र्याला उजवीकडची चौकट दिसत नाही आणि तो त्यावर आपटतो. मात्र वळतो तो बिघाडाच्याच बाजूला, म्हणून डावीकडे. तू लिहिलेल्या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात. तिथे नेमकं काय आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. गाठ असेल, रक्तवाहिनी तुंबली असेल, सूज असेल. पण जागा जवळपास ठरली, आणि ती एमआरआयने नाही, तुझ्या डोळ्यांनी ठरवली.

माझ्या घरची गोष्ट सांगते. जाई नावाची माझी बॉक्सर कुत्री होती, दहा वर्षांची. एका आठवड्यात तिच्या भांड्यात रोज थोडं खाणं उरायला लागलं. मला वाटलं कंटाळली. मी खाणं बदललं, तरी उरलं. मी तिचे दात बघितले, पोट दाबून बघितलं, सगळं ठीक. मग एका संध्याकाळी माझ्या मुलाने भांडं उचलायला हात घातला आणि ते त्याच्या हातून अर्धं फिरलं. जाईने खाली बघितलं, आणि उरलेलं सगळं खाऊन टाकलं, जणू आत्ताच कुणी वाढलं होतं. मी दुसऱ्या दिवशी जमिनीवर बसून नीट पाहिलं. भांड्याच्या बरोबर मध्यावर एक सरळ रेघ पडली होती. उजवीकडचा अर्धा भाग चाटूनपुसून लख्ख, डावीकडचा जसाच्या तसा. तिच्या लेखी भांड्याला डावी बाजूच नव्हती. मी तिचा डावा पुढचा पंजा उचलून बोटं मुडपून पाठीवर टेकवला. निरोगी कुत्रं पंजा पटकन सरळ करतं. जाईने तो तसाच राहू दिला आणि माझ्याकडे बघत राहिली. उजव्या मेंदूत ग्लायोमा असावा, हे स्कॅनमध्ये नंतर दिसलं. भांडं आठ दिवस आधीपासून तेच सांगत होतं आणि मी पशुवैद्य असून खाणं बदलत बसले होते.

तर तू हे कर. शेरू खात असताना बघ, भांड्यात काही उरतं का, आणि उरलं तर कुठल्या बाजूला. भांडं फिरवून बघ. एका वहीत तारीख घालून लिहीत जा: किती वेळ भिंतीशी उभा होता, कुठे वळला, जिना चढताना कुठला पाय चुकला. पंजाची परीक्षा तू करू नकोस, ती डॉक्टर करतील. ते त्याच्या एकेका डोळ्याकडे हात नेऊन बघतील, तो डोळा मिटतो का. उजव्या बाजूने मिटला नाही आणि तरी उजेडात बाहुली लहान होत असेल, तर डोळा चांगला आहे, दिसलेलं मेंदूत जिथे पोचतं तिथे बिघडलंय. वही घेऊन आई-बाबांबरोबर याच आठवड्यात जा. भिंतीला डोकं दाबून उभं राहणं हे थांबून बघण्याचं लक्षण नाही. यकृत बिघडलं तरी कुत्री असं करतात, म्हणून रक्तही तपासायला सांग.

प्रश्न: आमची तेरा वर्षांची कुत्री काल सकाळी अचानक कोलमडली. मान डावीकडे तिरकी, डोळ्यांची बुबुळं सारखी उडताहेत, उभी राहिली की डावीकडे पडते, उलट्या झाल्या. शेजारी पाहायला आले ते म्हणाले, मेंदूत गाठ फुटली, आता हिला त्रास देऊ नका, झोपवून टाका. रात्रभर झोप लागली नाही. लगेच निर्णय घ्यावा का?

उत्तर: नाही. आज नाही, उद्याही नाही.

तुम्ही लिहिलेलं चित्र म्हाताऱ्या कुत्र्यांत सर्रास दिसतं आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा मेंदूत नसतं, कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत असतं. कारण सापडत नाही, सुरुवात भयंकर असते आणि बहुतेक कुत्री आपोआप सुधारतात. तीन दिवसांत बुबुळं शांत व्हायला लागतात, दोन-तीन आठवड्यांत कुत्री चालती-फिरती होते. मान थोडी तिरकी राहिली तर राहते, ती त्या मानेसह सुखाने जगते. अशी कुत्री पहिल्याच दिवशी झोपवल्याचं मी ऐकते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गाठ अशी एका सकाळी उगवत नाही. ती सहसा हळूहळू, आठवड्या-आठवड्याने बिघडवत नेते. मात्र गाठीत रक्तस्राव झाला तर अचानकही होतं, म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी बघायला सांगा. बुबुळं आडवी उडताहेत की वर-खाली? वर-खाली असतील तर मेंदूचा देठ संशयात येतो. पंजा मुडपून ठेवला तर ती सरळ करते का? कानाच्या आजारात तोल जातो, पण पंजा कुठे आहे हे कुत्रीला कळतं. आणि ती शुद्धीवर, सावध आहे का? हाक मारल्यावर कान टवकारत असेल, खाणं पुढे केलं की नाक हलवत असेल, तर थांबा. मानेच्या कलावरून बाजू ठरवू नका. लहान मेंदूत बिघाड असला तर मान कधी कधी उलट्याच बाजूला झुकते, पंजा मात्र खरी बाजू सांगतो.

कानाचा आतला भाग, रक्तदाब आणि थायरॉइड हेही बघून घ्या. ती पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लावा. भांडं तोंडापाशी धरा, मळमळीचं औषध मागा. तीन दिवसांनी मला कळवा.

प्रश्न: आमचा कोली गोल गोल फिरत होता, सुस्त झाला होता. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता, पण आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. दोन दिवसांत तो पूर्ण ठीक झाला! आम्ही एमआरआय रद्द केला. गाठ असती तर गोळ्यांनी गेली असती का?

उत्तर: गाठ असेल तर ती गेली नाही, तिच्याभोवतीची सूज उतरली. मेंदूतल्या गाठीचा बराचसा त्रास सुजेचा असतो. स्टेरॉइड ती सूज ओढून घेतं, दाब कमी होतो, कुत्रं पुन्हा पहिल्यासारखं होतं. चांगलं वाटण्याचे ते दिवस खरे असतात. पण ‘स्टेरॉइडने बरा झाला, म्हणजे गाठ नव्हती’ हा तर्क उलटा आहे. त्याने बरा वाटला, म्हणजे डोक्यात बहुधा सूज होती.

यातली दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. लिम्फोमा नावाची गाठ स्टेरॉइडने खरोखरच वितळते, काही दिवसांपुरती. मेंदूचा दाह असेल तर तोही दबतो आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणजे नंतर एमआरआय करायला गेलात तर पुरावा पुसलेला सापडतो. म्हणून कुत्र्याची प्रकृती सांभाळत असेल तर आधी चित्र, मग स्टेरॉइड, असा क्रम मी धरते. कुत्रं बुडत असेल, शुद्ध हरपत असेल, तर क्रम बाजूला, आधी जीव.

हे मी शिकले ते एका कोलीकडूनच. नोकरीची पहिली वर्षं होती. असाच फिरत आलेला कुत्रा, मी संध्याकाळी स्टेरॉइड दिलं, तिसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या अंगणात चेंडू आणत होता. मालकाने माझे हात हातात घेतले. स्कॅनचा विषय कुणीच काढला नाही, मीही नाही. दीड महिन्याने ते त्याला चादरीत घालून घेऊन आले. एक बाहुली मोठी, नाडी संथ, रक्तदाब चढलेला. डोक्यातला दाब हाताबाहेर गेला की अशी जोडी जमते. त्या रात्री करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. दीड महिन्यापूर्वी बरंच काही करता आलं असतं.

तुमच्या डॉक्टरांना आज फोन करा आणि रद्द केलेला एमआरआय पुन्हा ठरवा. स्टेरॉइड चालू असल्याचं, कुठल्या तारखेपासून आणि किती, हे तिथे लिहून द्या. गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

प्रश्न: एमआरआयसाठी भूल द्यावी लागते याची भीती वाटते. सीटी स्कॅन लवकर होतो म्हणे, तो का नको? आणि एवढं करून गाठ कुठल्या प्रकारची हे नक्की कळतं का?

उत्तर: एमआरआयला पाऊण ते एक तास लागतो आणि तेवढा वेळ डोकं केसभरही हलता कामा नये. यंत्राचा आवाजही मोठा असतो. कुठलंही कुत्रं भुलेशिवाय हे करू देणार नाही. भुलेची भीती रास्त आहे, विशेषतः डोक्यात आधीच दाब असेल तर. भुलेत श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी चढतो. म्हणून अशा कुत्र्याला श्वास यंत्राने द्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड सतत मोजत राहायचं. डोकं थोडं उंच ठेवायचं. मानेतून रक्त काढायचं नाही, कारण मानेची शीर दाबली की डोक्यातलं रक्त तुंबतं. हे सगळं तिथे करतात का, हे तुम्ही विचारा. विचारण्यात संकोच नको, भूल देणाऱ्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. पट्टा आणि धातूची प्रत्येक गोष्ट घरीच काढून ठेवा. कातडीखालची ओळख-चिप असली तर फक्त सांगा, तिथल्या आसपासचं चित्र थोडं काळवंडतं, मेंदूचं नाही.

सीटी काही मिनिटांत होतो आणि हाड, नाक, डोक्याला मार यांसाठी उत्तम आहे. मोठा मेनिंजिओमा सीटीतही दिसतो. पण मेंदूचा मागचा भाग कवटीच्या जाड हाडांत बसलेला आहे आणि ती हाडं सीटीच्या चित्रावर पट्टे ओढतात. देठातली छोटी गाठ त्या पट्ट्यांत लपते. मऊ ऊतींमधला फरक एमआरआय कितीतरी जास्त बारकाईने दाखवतो. दोन्ही उपलब्ध असतील तर मी एमआरआय निवडते. सीटीच मिळत असेल तर सीटी करा, काहीच न करण्यापेक्षा ते बरं.

आता प्रकाराबद्दल. आधी साधं चित्र घेतात, मग शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन पुन्हा. मेनिंजिओमा मेंदूच्या बाहेरून, आवरणाला रुंद बुंध्याने चिकटलेला असतो. औषध दिलं की सगळा एकसारखा उजळतो आणि आवरणावर त्याची शेपटीसारखी रेघ लांबते. ग्लायोमा मेंदूच्या आतूनच उगवतो. तो कधी उजळतच नाही, कधी फक्त कडेने कड्यासारखा उजळतो. रक्तवाहिनी तुंबली असेल तर कडा रेखीव असतात आणि आजूबाजूचा मेंदू फारसा ढकललेला नसतो. शिवाय असं कुत्रं दिवसागणिक सुधारत जातं, गाठीचं तसं होत नाही. पण दाह कधी ग्लायोमाचं सोंग घेतो आणि अनुभवी डोळेही चकतात. नुकतीच जोरदार फिट येऊन गेली असेल तर मेंदूवर तात्पुरते डाग उमटतात. ते काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केल्यावर नाहीसे झालेले दिसतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘बहुधा मेनिंजिओमा’ असं लिहिलेलं असेल तर ‘बहुधा’ हा शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पक्कं नाव गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच मिळतं. तो तुकडा स्कॅनच्या नकाशावरून सुई नेऊन काढता येतो, पण त्यात रक्तस्रावाचा धोका आहे. त्या उत्तराने उपचार बदलणार असेल तरच मी तो पत्करायला सांगते.

पाठीतलं पाणी काढायचं ते एमआरआय बघून झाल्यावरच. डोक्यात दाब असताना खालून पाणी काढलं तर मेंदू कवटीच्या भोकात सरकू शकतो. शिवाय त्या पाण्यात गाठीच्या पेशी क्वचितच सापडतात. लिम्फोमा आणि मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळ्याची गाठ, या दोघांत थोडी आशा असते.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय सत्तरच्या पुढे. आमचा राजा चौदा वर्षांचा, हृदय कमकुवत, मूत्रपिंडंही. दोन महिन्यांत तो सारखा उजवीकडे फिरतो, दोनदा फिट आली. डॉक्टर म्हणाले गाठ असण्याची शक्यता दाट आहे, पण भूल धोक्याची. मुलगी म्हणते, बाबा, एमआरआय न करता कसं सोडता? मला त्याला यंत्रात घालायचं नाही. माझं चुकतंय का?

उत्तर: काका, तुमचं चुकत नाही. मुलीचंही चुकत नाही, तिला राजासाठी काही राहून जायला नको आहे. तिला एवढं सांगा की निदान म्हणजे फक्त फोटो नव्हे. वय चौदा, पहिली फिट या वयात, दोन महिने हळूहळू वाढत गेलेला त्रास, एकाच बाजूला फिरणं. रक्त, साखर, रक्तदाब यांतून दुसरं कारण निघालं नसेल, तर उजव्या मेंदूत गाठ आहे असं धरून वागणं योग्य आहे. त्याला आम्ही संभाव्य निदान म्हणतो आणि त्यावर उपचारही करतो. एमआरआय त्या कुत्र्यासाठी असतो ज्याच्यापुढे शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा रस्ता मोकळा आहे. मेनिंजिओमा असेल आणि रेडिएशन मिळालं तर अनेक कुत्री वर्षभर आणि त्याहून जास्त चांगली राहतात. राजाच्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना तो रस्ता झेपणारा नसेल, तर फोटो काढून उत्तर बदलत नाही.

स्टेरॉइड आणि फिटच्या गोळ्यांवर अशा कुत्र्यांना बहुधा काही आठवडे ते काही महिने मिळतात. मूत्रपिंड आणि हृदय बघून डॉक्टर मात्रा ठरवतील. स्टेरॉइडने त्याला तहान फार लागेल, लघवीला रात्री उठावं लागेल, भूक वाढेल, धापही लागेल. यातलं कुठलंही दिसलं तर तो बिघडला असं समजून गोळी बंद करू नका, फोन करा. वहीत रोज तीन गोष्टी लिहा: खाल्लं का, तुम्हाला ओळखलं का, फिट आली का. खाणं सुटलं, ओळख सुटली, गोळ्या चालू असूनही फिट थांबेनात, असे दिवस सलग यायला लागले की मुलीला बोलावून घ्या आणि तिघांनी मिळून डॉक्टरांशी बोला.

तोवर एक करा. राजा उजवीकडे फिरतो, म्हणजे त्याला डावीकडचं दिसत नसणार. पाण्याचं भांडं आणि अंथरूण त्याच्या उजव्या हाताला येईल असं ठेवा आणि तुम्हीही उजवीकडूनच त्याच्याजवळ जा. डावीकडून एकदम हात लावला तर तो दचकेल. खाऊन झाल्यावर भांडं एकदा फिरवून पुन्हा त्याच्यापुढे ठेवा.